करकरणारं रीळ

भिकाकाका खाडीत गळ टाकतात तो जुन्या रिळानं. नव्या रिळावरची तारेची कडी मूठ फिरवताच आपोआप मिटते आणि दोरी धरते. जुन्यात दोरी बोटानं अडकवावी लागते. पण माशानं ओढलं की जुनं करकरतं. नवं मुकं. मुकेपणा हल्ली सगळ्यांनाच सोयीचा!

“खाडी मेली, काका. कारखान्याविरुद्ध सही करा,” निवेदन घेऊन काठावर आलेली मुलगी म्हणाली.

“हे करकरतंय तोवर खाडी जिवंत, पोरी. तुझं निवेदन ठेव पिशवीत.”

तेवढ्यात ते करकरलं. काका हसत दोरी गुंडाळू लागले. गळ वर आला; आमिष जसंच्या तसं. कारखान्याच्या नळातून सुटलेलं तांबडं पाणी दोरी ओढत होतं.

काकांनी पुन्हा गळ टाकला. पुन्हा करकर. त्यांनी रिळाचा करकरणारा खटका बंद केला आणि पेनासाठी हात पुढे केला.