साहेबाच्या मापाची काठी

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. पाचगणीच्या खाली दरीत एक वाडी होती. हवा खायला येणाऱ्या साहेबांना तिथले लोक काठ्या करून विकत. मावशीबरोबर मी तिथे गेले. माझा एक पाय लहानपणापासून अधू, पण काठी मागायची लाज वाटे. मी नुसता काठ्यांवरून हात फिरवत होते.

म्हाताऱ्या कारागिराने ते पाहिले. "हात खाली सोड, पोरी," तो म्हणाला. काठीची मूठ मनगटाला यावी लागते, आणि त्याच्या सगळ्या काठ्या उंच साहेबांच्या मापाच्या. त्यातली सर्वांत चांगली घेऊन त्याने ती खालून चार बोटे कापली.

"आवं, आता एवढा बुटका सायेब कुठनं आणायचा?" त्याची बायको ओरडली.

"आणू नगंस. ही हिचीच हाय."

परतीचा चढ मी मावशीचा हात न धरता चढले.