भट्टीवाले नाना आणि गुरूची धग

आमच्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये कोणतीही वस्तू गार झाली, हे भट्टीवाले नाना सहजासहजी मान्य करत नसत. चहा बशीत ओतून वर आणखी थांबायचे. भट्टीतून निघालेल्या लोखंडाबद्दल तर ठरलेलंच, “वरून गार झालंय साहेब, निवलं नाय.” साहेब म्हणजे मी. डिप्लोमा, इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं, एवढ्या भांडवलावर मी त्यांचा सुपरवायझर होतो.

नानांना ग्रहांचा नाद. वर्तमानपत्राच्या पुरवणीतली कात्रणं त्यांच्या डब्याच्या पिशवीत असत. एका संध्याकाळी बसची वाट पाहताना त्यांनी मला गुरू दाखवला.

“सूर्याकडून मिळते त्याहून जास्त उष्णता तो बाहेर सोडतो.”

“इतक्या लांब? कुल्फी झाली असेल त्याची,” मी म्हणालो.

“वरून. पोटात जन्माच्या वेळची धग हाय. त्यात स्वतःच्या वजनानं अजून आकसतोय, त्याचीबी उष्णता निघते.”

“आणि एवढ्या काळात निवला नाही?”

“वाटीतला भात लगेच निवतो. लग्नाच्या पातेल्यातला निवतो का?”

मी हसलो. इतकं सोपं असतं तर आम्हाला कॉलेजात शिकवलं नसतं का, असं मला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात नाना भाचीच्या लग्नाला नामपूरला गेले. जाताना बजावून गेले, “भट्टीत लोखंडाचा मोठा ठोकळा निवत ठेवलाय. मी येईपर्यंत दार उघडू नका.” दुसऱ्याच दिवशी भट्टीच्या तापमानाच्या मीटरवरचा आकडा उतरलेला दिसला आणि मी दार उघडायला लावलं. मीटर भट्टीतल्या हवेचा होता, ठोकळ्याच्या पोटाचा नव्हे. बाहेरचा वारा लागला आणि ठोकळा मधोमध तडकला. मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “भट्टी नानांनी लावली होती.” वाक्य खरं होतं. असली खरी वाक्यं मी फार जपून निवडतो.

नानांकडून भट्टी काढून घेतली. उरलेली चार वर्षं त्यांनी ट्रकमध्ये माल चढवण्यात काढली. मला एका शब्दानं बोलले नाहीत, समोर आलो की “जेवलात का साहेब?” एवढंच. मला त्या काळात बढती मिळाली.

त्यांच्या निरोप समारंभात सगळं कबूल करायचं ठरवून मी भाषण लिहून नेलं. मालक पहिल्या रांगेत होते. मी कागद उलगडला, त्यांच्याकडे पाहिलं, कागदाची पुन्हा घडी केली आणि नानांच्या कष्टाळूपणावर दहा मिनिटं बोललो. शाल पांघरवायला वाकलो तेव्हा नाना हळूच म्हणाले, “आज सांगाल वाटलं होतं.”

मी नारळ त्यांच्या हातात दिला. टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवत होतो.