सुरण चिरताना बोलायचं नसतं

आमच्याकडे रानसुरण चिरताना बोलत नाहीत. बोललं की सुरण खवळतं आणि खाणाऱ्याच्या घशात उतरून सूड घेतं. आणि चिरायचं काम कायम माझ्याकडे, कारण माझी कातडी म्हशीची आहे यावर आमच्या घरात कुणाचंच दुमत नाही. जीभ मात्र माझी. शिरपुरात मी सलग गप्प बसलोय असं झोपेतही घडलेलं नाही.

गल्लीतल्या रानभाज्यांच्या उत्सवात अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, सुरणाचा मांडव असतो. मागच्या वर्षी एका पाहुण्याचा घसा असा खाजला, की त्याचं खाकरणं धुळ्याच्या स्टँडवर ऐकू आलं आणि दोन एसट्या वेळेआधी सुटल्या. म्हणून यंदा गल्लीतले मोठे, नाना, यांनी सगळ्यांदेखत ठरवून टाकलं होतं : पहिला घास ते स्वतः खाणार. घसा खाजला, तर या गल्लीत पुन्हा सुरणही नाही आणि अक्काचा मांडवही नाही.

अक्का वर्षभर माहेरची वाट बघणाऱ्या सातपुड्यातल्या सासुरवाशिणीसारखी या एका दिवसाची वाट बघते. त्या दिवशी तिचा चेहरा पाहून मी हाताला तेल चोळलं, विळीवर बसलो आणि तोंड मिटलं.

“हाऊ गप बसना?” शेजारची कर्टुलेवाली ओरडली. “आते आभाळ पडी!”

मी हूं की चूं केलं नाही. सुरणाचा गड्डा केवढा? त्यावर पाय ठेवून पलीकडच्या गच्चीवर चढता आलं असतं.

अक्का पाठमोरी, चुलीवर कळण्याची भाकरी उलटत होती. तिच्यामागे चिंचेच्या कोळाचं पातेलं. सुरणाची खाज मारते ती चिंचच. आणि त्या पातेल्याकडे गल्लीतली एक बकरी, लग्नाला आल्यासारखी, सावकाश निघाली होती.

बोललो तर सुरण खवळणार. नाही बोललो तर चिंच जाणार. मी भुवया उडवल्या. कोपराने खुणा केल्या. नाकातून रणशिंग फुंकलं.

अक्का वळली ती माझ्याकडेच. “गप रे! तुनं नाटक बंद कर. आजना दिन तरी!”

बकरीने पातेल्यात तोंड घातलं, आंबट लागल्यावर दचकली आणि मागच्या पायाने सगळा कोळ गटारीत लवंडला. माझ्या हातात शेवटचा तुकडा होता. तो मी असा चिरला, की विळीतून ठिणग्या उडाल्या.

“अक्का, चिंच गयी!”

ती पांढरी पडली. पलीकडे नाना पाटावर बसलेसुद्धा होते, पुढ्यात पळसाचं पान. “व्हयनं का वं अक्का?”

“चढवी राहिनू, नाना!” तिने सुरण हंड्यात लोटलं. मी समोरच्या शेठच्या दुकानात उडी मारली. शेठ मारवाडी, जैन. जमिनीखालचं काही खात नाहीत.

“शेठ, चिंच! सुरणाला!”

शेठनी डोळे मिटले, चिंचेचा गोळा गल्ल्याशेजारी ठेवला. “चिंच झाडावरची आहे. पुढचं मला सांगू नका.”

भिजवायला सवड नव्हती. अक्काने गोळा तसाच उकळत्या हंड्यात कुस्करला. सुरण शिजेपर्यंत नानांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि अक्का देवाला इतके नवस बोलली, की फेडायला दुसरा जन्म लागेल.

पान वाढलं. गल्ली अशी चिडीचूप झाली, की भाकरीचा पापुद्रा फुगल्याचं ऐकू आलं. नानांनी घास घेतला. चावला. त्यांचा कंठमणी वर गेला आणि तिथेच थांबला. अक्काने माझं मनगट धरलं, म्हशीच्या कातडीलाही कळलं.

टक्!

नानांनी गाल धरला. डोळ्यांत पाणी. कुणीतरी तांब्या घेऊन धावलं. नानांनी हाताने त्याला थांबवलं, तोंडातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. चिंचोका होता.

त्यांनी घसा खाकरून पाहिला. पुन्हा पाहिला. मग पान अक्कापुढे सरकवलं.

“घसाले काहीच व्हयनं नई. पन मना दात हालना.” आणि भाकरी मोडत म्हणाले, “वाढ अजून. पुढला वरीसले चिंचोके काढीसन टाकजो.”

अक्काने माझं मनगट सोडलं. त्यावर तिच्या पाच बोटांचे वळ होते. ते अजून आहेत. दाखवायला मी सदऱ्याची बाही वर करतो, पण कुणी बघतच नाही.