ब्रेक बसले नव्हते

गुरुग्रामच्या ज्या शोरूममध्ये मी अकरा वर्षं काढली, तिथे माझं काम बोलण्याचं होतं. एरवी मी घुमा माणूस. बायको म्हणते, तुमच्या तोंडातून शब्द काढायचा तर पकड लागते. पण त्या इटालियन गाडीपाशी उभा राहिलो की जीभ सुटायची. नाक इतकं खाली, की सोसायटीतल्या स्पीडब्रेकरला घासेल. म्हणून बटण दाबलं की पुढचा भाग चार बोटं वर उचलला जातो. इंजिन पाठीमागे, काचेखाली, देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं. दारामागच्या खोल खाचा देखण्या, पण त्या आहेत इंजिनाला वारा मिळावा म्हणून. शेवटी मी म्हणायचो, "शून्यापासून शंभर, तीन सेकंदांत." गिऱ्हाईक खूश. थांबायला किती वेळ लागतो, हे मला एकानेही विचारलं नाही.

थांबण्याची बाजू उस्तादांची. ते आमचे टेस्ट मेकॅनिक, मानेसरच्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवून आलेले. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे आणि तपासणीचा फॉर्म इंग्रजीत. म्हणून आमच्यात एक रीत पडली होती. सकाळीच ते कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवत, गाडी फिरवून आले की एकेक गोष्ट तोंडी सांगत, आणि मी रकान्यांत खुणा करी. नियमात बसत नव्हतं, पण वर्षानुवर्षं चाललं.

त्या शुक्रवारी एक वापरलेली गाडी नव्या मालकाला द्यायची होती. आम्ही तिला नवे ब्रेक पॅड घातले होते. या गाडीच्या चकत्या सिरॅमिकच्या. नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, पुन्हा पुन्हा दाबून, तापवून चकतीवर बसवावे लागतात. तोवर भरधाव गाडी पायाचं पुरतं ऐकत नाही. पॅड उशिरा आले, काम संपेतो साडेनऊ. मालकाचं कुटुंब सजून हजर, पंडितजींनी नारळ फोडलेला, चाकांखाली लिंबं ठेवलेली. साडेदहाला राहुकाळ लागणार, त्याआधी गाडी बाहेर पडायला हवी.

उस्तादांनी मला बाजूला घेतलं. "साहब, ब्रेक अभी बैठे नहीं. एक घंटा दो."

"मुहूर्त है, उस्ताद."

"चलने का मुहूर्त है ना? पंडितजी से रुकने का भी निकलवा लो."

मी हसलो. "सोमवार को मँगवा लेंगे, तब कर देना." ते हात पुसत आत गेले. त्यांची सही असलेल्या फॉर्मवर, ब्रेकच्या रकान्यात, मी खूण केली. मालकाला 'दोन दिवस जरा हळू चालवा' एवढंही बोललो नाही. आनंदाच्या वेळी अपशकुनी बोलणं कशाला, असं वाटलं.

त्याच दुपारी एक्सप्रेसवेवरून उतरताना गाडी वेळेत थांबली नाही, कठड्यावर आदळली. शेजारी बसलेल्या मालकाच्या बायकोच्या खांद्याचं हाड मोडलं. जीव वाचले, असं मी स्वतःला किती वेळा बजावलं असेल.

सोमवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे. टेबलावर फॉर्म. "ब्रेक टेस्ट किसने की?"

उस्ताद माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "सर, साइन तो इनका ही है."

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते वाक्य इतकी वर्षं पचलं नाही.

"फॉर्म साहब भरते हैं," उस्ताद शांतपणे म्हणाले. "भरा है तो देखकर ही भरा होगा." मॅनेजरने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्मकडे. उस्तादांना त्याच दिवशी काढलं, आणि बातमी अशी पसरली की पुढे कुणी त्यांच्या हाती टेस्टला गाडी दिली नाही.

याला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी मानेसरला गेलो. ते आता शेअर ऑटोंच्या ब्रेकची कामं करतात. घडलं ते सगळं मी हिंदीत लिहून नेलं होतं, त्यांना स्वतः वाचता यावं म्हणून. मला स्टूल दिलं, स्वतः टायरवर बसले, चष्मा लावून ओळीवर बोट फिरवत शेवटपर्यंत वाचलं.

"ये शोरूम में दिया?"

"नहीं. पहले आपको."

"मुझे किसलिए? मुझे तो उसी दिन पता था." कागदाची घडी करून त्यांनी माझ्याच खिशात घातली. "जिनको नहीं पता, उनको दो. मेरी बेटी के ससुरालवाले आज तक समझते हैं, मैंने किसी की बीवी का कंधा तोड़ा."

शोरूममध्ये तो कागद दुसऱ्याच दिवशी दिला. मॅनेजर म्हणाला, "अब क्या फायदा, यार?" गाडीच्या मालकालाही एक प्रत पाठवली, उत्तर नाही. मुलीच्या सासरी मात्र पोस्टाने पाठवायला मन होईना. तिथला पत्ता उस्तादांनाच फोन करून विचारावा लागला. त्यांनी सावकाश सांगितला, दोनदा. मग म्हणाले, "इतवार को जाना. ग्यारह से पहले पहुँचना, समधीजी उसके बाद खेत निकल जाते हैं."