पदराखालचे हात
हळद शिजल्याचा वास आला की सांगलीजवळच्या आमच्या मळ्यातलं, पंच्याहत्तर सालातलं माझ्या लेकीचं बारसं आठवतं. सासूबाईंची छातीतली कॅन्सरची गाठ काढून दोन वर्षं झाली होती आणि आजार गेला असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी त्या स्वतःचं ताट वेगळं ठेवायच्या. पाळण्याखालून लेक त्यांच्याकडे दिली, तर त्यांनी हात पदराखाली घेतले. "नगं गं, तिला माजा रोग लागंल." मी चिडले, "आवं आत्याबाई, तुमी बऱ्या झालाय!" "डाक्टरला काय कळतंय? त्यो रोग अजून आत हाय." पुढं बारा वर्षं जगल्या, पण नातीला एकदाही उचललं नाही. गेल्या वर्षी माझीही गाठ काढली. परवा माझ्या नातीच्या बाळाचं बारसं होतं. सगळं कळत असूनही माझे हात आपसूक पदराखाली गेले.