अस्तरातलं हबसाण

श्रीवर्धनच्या बाजारात हमदुल्ला शिंप्याला सगळे 'उद्या' म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण प्रत्येकाचं काही ना काही कापड त्याच्याकडे अडकलेलं असे. माझ्या पायजम्याचा एक पाय त्याने दसऱ्याला शिवला आणि दुसरा होळीला. मधले सगळे महिने हा गृहस्थ दुकानात बसून इटालीशी लढत होता.

सुरुवात एका शब्दावरून झाली. आमचं जंजिरा संस्थान. राजे सिद्दी, म्हणजे मूळचे हबशी, म्हणून जुनी माणसं संस्थानालाच हबसाण म्हणत. पस्तीस सालच्या ऑक्टोबरात आगबोटीने मुंबईचा पेपर आला आणि त्यात ठळक अक्षरांत मथळा, 'हबसाणावर इटालीची स्वारी!' झालं. तासाभरात अर्धा गाव किनाऱ्यावर. चंद्राबाई कोळीण वाळत घातलेले बोंबील भराभर टोपल्यांत कोंबत होती.

"मेले आधी माजं बोंबीलच नेतील! त्यांच्या देशात काय हाय खायला?"

शेवटी दत्तात्रेय मास्तर धापा टाकत आले. शाळेत भूगोल शिकवणारा हा सरळ माणूस छापलेल्या शब्दापलीकडे काही मानत नसे. त्यांनी पेपरातला तळहाताएवढा नकाशा उघडून दाखवला आणि सांगितलं, की हे हबसाण म्हणजे अबिसिनिया, आफ्रिकेतला देश. लोकांचा थोडा विरसच झाला. तो एवढासा नकाशा मागच्यांना दिसेना, तेव्हा हमदुल्ला म्हणाला, "द्या इकडं. मोठा करून देतंय."

त्याने टेप काढली आणि अबिसिनियाचं गिऱ्हाइकासारखं माप घेतलं. "खांदे उतरते. पूर्वेला पोट सुटलाय," असं पुटपुटत त्याने रंगीत खडूने देश आखला, खडू पुसला जाईल म्हणून त्यावर काळ्या दोऱ्याने टाके घातले, त्यातला ताना तलाव निळ्या दोऱ्याने भरला आणि तो नकाशा भिंतीवर ठोकला. हिरवा दोरा गुंडाळलेल्या टाचण्या हबशांच्या, लाल इटालीच्या. काम सुरेख होतं. फक्त ज्या पांढऱ्या साटिनवर तो काढला, ते दत्तात्रेय मास्तरांच्या कोटाचं अस्तर होतं.

आता त्या कोटाचं सांगायला हवं. मास्तरांच्या वयाची बत्तीस वर्षं उलटली होती आणि दोन स्थळं मोडली होती. तिसरं दिवेआगरच्या सुपारीच्या बागायतदाराचं, मुलगी केसर. तिला मास्तर पसंत होते. तिच्या बापाला मास्तरांचा पगार पसंत नव्हता. "निदान जावई कोटात तरी उभा राहू दे, लोकांत दिसायला," असं त्याने स्पष्ट बजावलं होतं. लग्न वैशाखात. मास्तरांनी पोटाला चिमटा घेऊन मुंबईहून कापड आणवलं होतं, दुसरं घ्यायची ऐपत नव्हती.

"अस्तर लढाईत अडकलाय, मास्तर," हमदुल्ला म्हणे. "लढाई मिटली की दुसऱ्या दिवशी कोट."

मास्तर चांगलेच पेचात सापडले. कोट हवा तर लढाई मिटायला हवी, आणि ती हबशांच्या पराभवानेच मिटणार हे रोज पेपर वाचणाऱ्याला दिसत होतं. तरी संध्याकाळी दुकान भरलं की पेपर वाचून मास्तरच दाखवत, कारण हमदुल्लाला बाळबोध अक्षर येत नव्हतं.

"मकाले शहर पडलं, हमदुल्लाभाई. टाचणी हलवा."

"तुमच्या पेपरात पडला असंल. माज्या दुकानात अजून न्हाय पडला."

दोन-दोन दिवस घासाघीस चाले, मग तो तोंड वाकडं करून हिरवी टाचणी मागे सरकवी. आम्ही पोरकटपणे हसायचो. एकदा मी म्हटलं, "तुझं काय जातंय? तुझा कोण काका तिथे राजा आहे?" तो म्हणाला, त्याची आजी सांगे की आपलं मूळ तिकडचं. त्याचा बाप मात्र मूळ म्हसळ्याचं सांगे. "पण हबसाणावर आले म्हणताना तुमी सगळे किनाऱ्यावर धावलाव ना? मी अजून तितंच हाय," तो म्हणाला. मी घाईघाईने माझ्या पायजम्याच्या दुसऱ्या पायाचा विषय काढला.

चैत्र संपला तेव्हा भिंतीवर सगळीकडे लाल होतं. हिरवी टाचणी एकच उरली होती, राजधानीत, अदीस अबाबात.

लग्न दोन दिवसांवर आलं आणि पेपर आला. मास्तरांनी तो उघडला. मी शेजारीच होतो, मथळा मला दिसला, 'अदीस अबाबा पडले.' म्हणजे लढाई मिटली आणि मास्तरांचा कोट मोकळा झाला. मास्तर वाचत राहिले, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग त्यांनी घडी घातली.

"आज विशेष काही नाही. सगळ्या जाहिरातीच आहेत."

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्या पायावर पाय दिला, तोही वहाणेसकट. हमदुल्लाची शेवटची टाचणी राखायला कोटावर पाणी सोडणाऱ्या त्या माणसाचं मला फार वाईट वाटलं. हमदुल्लाने मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि चहा मागवला.

दिवेआगरला मांडवात मास्तर धुतलेला सदरा आणि उपरणं घालून उभे राहिले. सासरा पाहुण्यांची नजर चुकवत होता. अंतरपाट धरायचा तेवढ्यात वाडीच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, बैलगाडी थांबली आणि हमदुल्ला उतरला, हातावर कोट. डोळे सुजलेले.

"लढाई मिटली, मास्तर. घाला."

"पण मी तर तुम्हाला..."

"मी तीस वरसं लोकांना 'उद्या' सांगतंय. खोटं बोलणारा मला कळत न्हाय व्हय? तुमाला अजिबात जमत न्हाय."

कोट अंगासरसा बसला. सासऱ्याची मान वर झाली. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि शेवटच्या 'सावधान'ला नवरदेव "आई गं!" म्हणून असे उडाले, की अंतरपाटापलीकडे केसर खुदकन हसली.

पंगतीच्या वेळी मास्तरांनी कोट उलटा करून पाहिला. काळ्या टाक्यांचा देश, निळा तलाव, लाल टाचण्यांची भोकं. टाचणी एकच होती, हिरव्या दोऱ्याची, डाव्या बाजूला आपल्या जागी, अदीस अबाबात, टोचलेली.

"राहिली वाटतं काढायची," मास्तर म्हणाले.

"राहिली न्हाय. ठेवली." हमदुल्लाने तो कोट पुन्हा सुलटा करून दिला. "टोचंल थोडी. संभाळून घाला."

मास्तरांनी ती काढली नाही. शाळेच्या तपासणीला ते त्याच कोटात उभे राहत, जरा ताठच, आणि साहेबांना त्यांची शिस्त फार आवडे.