गणित सोडणाऱ्यांची यादी

"तुम्ही जरा समोर जाऊन कॉफी पिऊन या," असं अण्णा मुलांच्या वडिलांना सांगत, "आणि सावकाश प्या."

ॲडमिशनच्या दिवसांत आमच्या ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात ते टेबल टाकून बसत. टेबल कॉलेजचं, खुर्ची घरून आणलेली, आणि बसायला त्यांना कोणीही सांगितलेलं नसे. वडील गोंधळून आधी मुलाकडे, मग आमच्या खिडकीकडे बघत आणि शेवटी रस्ता ओलांडून समोरच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, जात. वडील दिसेनासे झाले की अण्णा फॉर्म बाजूला सारत आणि मुलाला म्हणत, "सरी, ठीक. आता तू बोल."

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. इंदिरानगरच्या त्या पीयू कॉलेजात मी क्लार्क होते आणि ते गणिताचे लेक्चरर. मी लग्न होऊन साताऱ्याहून बेंगळुरात आलेली. त्यांचं घराणं मात्र तीनशे वर्षांपूर्वीच इथं येऊन राहिलेलं. त्यामुळं त्यांच्या मराठीत कानडी शब्द पाहुण्यासारखे येत नसत, घरच्यासारखे वावरत. "अक्का, स्वल्प तो रजिस्टर द्या की," असं त्यांनी पहिल्या दिवशी म्हटलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. त्यांनी राग मानला नाही. "आमची मराठी इथल्या पाण्यावर वाढली हो, चव बदलणारच," म्हणाले. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी मी अक्का ती अक्काच. मी त्यांना अण्णा म्हणू लागले.

ज्यांनी कर्नाटकात पोरं शिकवली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. इथं दहावीनंतर दोन वर्षांचं पीयू, आणि फॉर्म भरताना चार विषयांचा एक गट निवडायचा. त्याला म्हणायचं कॉम्बिनेशन. आईबापांचा लाडका गट पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायॉलॉजी. पोरगा इंजिनिअरिंगला जाऊ शकतो, डॉक्टरही होऊ शकतो. "दोन्ही दारं उघडी राहतात ना सर," हे वाक्य मी एका जूनमध्ये शंभरदा तरी ऐकत असेन. अण्णांचं उत्तर ठरलेलं असे, "दोन दारांतून एकदम कोण जातं हो?"

एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. पोराला बेडूक नुसता चित्रात दाखवला तरी मळमळायचं, आणि वडिलांना पीसीएमबीच हवं होतं. अण्णांनी त्यांना कॉफीला पाठवलं. ते परत आले तेव्हा फॉर्मवरच्या बायॉलॉजीवर पेन्सिलीनं काट मारलेली होती आणि तिथं इलेक्ट्रॉनिक्स लिहिलेलं होतं. गृहस्थ तापले. अण्णा शांतपणे म्हणाले, "पेन्सिल आहे, यजमानरे. घरी जा, रात्री जेवताना पोराशी बोला, उद्या शाईनं लिहा." दुसऱ्या दिवशी शाईनं इलेक्ट्रॉनिक्सच आलं. गृहस्थ अण्णांशी दोन वर्षं बोलले नाहीत, पण समोर दिसले की मान मात्र हलवत.

ॲडमिशन संपली की त्यांचं दुसरं काम सुरू होई. ज्या मुलांनी गणित नसलेला गट घेतला असेल त्यांची यादी मी त्यांना टाइप करून द्यायची. गट बदलायला प्राचार्य आठवड्याभराची मुदत देत. त्या आठवड्यात अण्णा यादीतल्या एकेकाला बोलावून विचारत, पुढं काय करायचंय? उत्तर ऐकून ते बहुतेकांना खुशीनं जाऊ देत. एक मुलगा म्हणाला मला इतिहास शिकवायचाय, तर त्याची पाठ थोपटून म्हणाले, "जा बाबा, सुटलास." ते शोधत असत ती दोन-चार मुलं, ज्यांना जिथं जायचं तिथं जायला गणित लागतं हेच ठाऊक नसे. भीतीनं विषय सोडायचा आणि दोन वर्षांनी कळायचं की वाट बंद झाली आहे. अशांना ते उलटं फिरवत.

आणि आता माझी गोष्ट.

माझ्या धाकटीला, शुभाला, दहावीला गणितात एक्केचाळीस मार्क पडले. पेपराच्या आदल्या दिवशी तिला उलट्या झाल्या होत्या. चित्रं मात्र ती सुरेख काढायची, आणि तीही घरांची, खिडक्यांची, जिन्यांची. घरं बांधायचीत म्हणायची. मी म्हटलं, ते पुढचं पुढं बघू. आर्किटेक्चरला बारावीला गणित लागतं हे मी कुठंतरी वाचलेलं होतं, पण पोर रडत होती आणि मलाही रोजची कटकट नको होती. मी तिला आमच्याच कॉलेजात एचईपीएस दिलं. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, गणिताचं नाव नाही. फॉर्म मीच भरला, शाईनं.

मग यादी टाइप करायची वेळ आली. अण्णा तिला बोलावणार, पोर रडणार, आणि ते माझ्याकडे बघणार. मी तिचं नाव गाळलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी केलेली ती एकमेव लबाडी, आणि तीही पोटच्या पोरीच्या मुळावर येणारी.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, शुभा कॉलेजच्या जिन्याचं चित्र काढत खाली बसली होती. अण्णा वर्गावर निघाले होते, ते थांबले.

"वरच्या चार पायऱ्या उंच का काढल्यास, पुट्टी?"

"उंचच आहेत, सर. तिथं पाय अडखळतो."

अण्णा फळ्यावरची लाकडी पट्टी घेऊन आले आणि वाकून पायऱ्या मोजू लागले. वरच्या चार खरोखरच दोन बोटं उंच निघाल्या. "वीस वर्षं मी इथं अडखळतोय," ते म्हणाले, "आणि दोष देतोय माझ्या गुडघ्यांना." मग त्यांनी तिला विचारलं पुढं काय करायचंय, आणि नंतर विचारलं गट कुठला.

ते ऑफिसात आले तेव्हा सव्वातीन झाले होते. चार वाजता प्राचार्य सही करून मुदत बंद करणार होते.

"अक्का, यादीत एक नाव कमी आहे."

मी रजिस्टर उघडल्यासारखं केलं. मग म्हणाले, "तिला जमत नाही हो अण्णा. कशाला छळायचं?"

"जमत नाही हे तुम्ही ठरवलं की तिनं?"

"दोघींनी."

"सरी," ते म्हणाले. "तुम्ही जरा समोर जाऊन कॉफी पिऊन या."

मी गेले. दर्शिनीत उभी राहून कॉफी प्यायले आणि आजवर तिथं पाठवल्या गेलेल्या सगळ्या बापांची मला मनापासून दया आली. कप हातात गरम, डोळे कॉलेजच्या फाटकावर. आपल्या पोरीचं आयुष्य आपल्याला वगळून ठरतंय हे सोसायला फार जड असतं. मी तिला वगळून ठरवलं होतं ते मात्र मला अगदी सोपं गेलं होतं.

आत काय बोलणं झालं ते शुभानं नंतर सांगितलं. गणित सोपं आहे असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुला ते आवडेल असं मी सांगत नाही. बहुतेक नाही आवडणार. पण तुझ्या घराकडं जाणारी वाट त्याच गल्लीतून जाते. गल्ली आवडायची सक्ती नाही, पार करायची, अष्टे, एवढंच. पस्तीस पुरेत." तिनं विचारलं, आणि पस्तीसही नाही पडले तर? ते म्हणाले, "मग माझंही चुकलं. रोज सकाळी सातला ये, दोघं मिळून चुकू."

मी परत येऊन जागेवर बसले, आणि चारला दहा कमी असताना ती खिडकीशी आली. "आई, फॉर्म दे. बदलायचाय." माझ्या हातानं लिहिलेले ते चार विषय तिनं स्वतः खोडले. गणित असलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गटात जागा होती. अण्णा प्राचार्यांच्या खोलीत जवळजवळ धावत गेले, आणि या खेपेला वरच्या चार पायऱ्यांवर पाय उचलून टाकताना मी त्यांना पाहिलं.

सातचा तो वर्ग केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये भरे. फी नाही, हजेरी नाही. हुशार मुलांना तिथं मज्जाव. मुलं त्याला 'पस्तीस पुरे' म्हणत. शुभाला पहिल्या चाचणीत चौदा पडले, सहामाहीला एकोणीस. मी डोक्याला हात लावला, तर अण्णा म्हणाले, "पाच वाढले की हो." दोन वर्षं ती गेली. आवड काही लागली नाही, पण उलट्या थांबल्या. सेकंड पीयूचा निकाल आला, ती पास झाली, आणि तिला आर्किटेक्चरला जागा मिळाली. त्याच वर्षी अण्णा निवृत्त झाले. घरून आणलेली खुर्ची रिक्षात घालून घरी घेऊन गेले.

पुढं तीनच वर्षांनी ते गेले. तेराव्याच्या जेवणाला शुभा आणि मी त्यांच्या घरी गेलो. बोर्डात नंबर काढलेले त्यांचे विद्यार्थी पुष्कळ, कोण अमेरिकेत, कोण कुठं, त्यांची पत्रं आली असतील. केळीच्या पानांवर बसलेली मंडळी मला वेगळी दिसली. वहिनी होळिगे, म्हणजे इथली पुरणपोळी, वाढत पुढं सरकत होत्या आणि प्रत्येकापाशी थांबून विचारत होत्या, तू कोण रे? एका दाढीवाल्या तरुणानं नाव सांगितलं. वहिनींना काही बोध होईना. अण्णांनी घरी मुलांची नावं कधी सांगितलीच नव्हती. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "छत्तीस, अम्मा." वहिनींचा चेहरा उजळला. "हां, तू होय तो छत्तीस!" शेजारचा म्हणाला, "मी एकोणचाळीस." पलीकडची मुलगी म्हणाली, "पस्तीस, दुसऱ्या खेपेला." पंगतभर आकडे येत राहिले, आणि वहिनी एकेकाला ओळखत गेल्या, तसतसं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

शुभानं तिचे गणिताचे मार्क कधी कुणाला सांगितले नव्हते. आजी-आजोबांना नाही, मैत्रिणींना नाही. नातेवाइकांनी विचारलं की मीही नुसतं "पास झाली" म्हणून विषय बदलत असे.

वहिनी आमच्यापाशी आल्या. शुभानं मान वर केली आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "सत्तेचाळीस, अम्मा." वहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी पानाकडे बघत बसले. माझ्या मुलीच्या मार्कांचा मला अभिमान वाटला तो त्या दिवशी, पहिल्यांदा.